कौतिक मामाचं निरोगी कूळ

कौतिक मामाला मी तोंडावर 'तुम्ही' म्हणते. लिहिताना तेवढा मान द्यायची आज माझी तयारी नाही, तेव्हा इथे तो 'तो'च राहील.

मामाचं गाव पाचोऱ्याजवळ. शेती त्याचा मुलगा भूपेंद्र पाहतो आणि मामा सोयरिकी जुळवतो. त्याला धंदा म्हटलेलं आवडत नाही, कारण तो त्यात पैसा घेत नाही. तो घेतो मान. लग्नात पहिला टॉवेल-टोपी त्याला, पंगतीत पहिलं पान त्याचं, आणि वरबापाने एकदा तरी चारचौघांत "नाना होते म्हणून जमलं" असं म्हणायला हवं (मामाला जिल्हाभर नाना म्हणतात). एखादा विसरला तर मामा ते वाक्य स्वतःच म्हणून टाकतो. घरात माळ्यावर एक लोखंडी पेटी आहे, तिच्यात न वापरलेले टॉवेल आणि टोप्या कोंबून भरल्यात. त्यातला एकही टॉवेल तो मामीला हात पुसायला देत नाही.

स्थळ पाहायला गेला की तो आधी त्या घरी जातच नाही. गिरणीवर थांबतो, न्हाव्याकडे दाढी करून घेतो, बसस्टँडवर चहा पितो आणि सहज विचारल्यासारखं विचारतो की अमक्याचा बाप कशानं गेला, आजी कशानं गेली, आत्याची तब्येत कशी असते. कोड, फिट, दमा, वेड, सगळं चाळून घेतो. मग घरी जाऊन पोहे खाताखाता म्हाताऱ्यांचे दात पाहतो, बैलबाजारात बैलाचे पाहतात तसे. एका मुलीच्या चुलत आजोबाला कोड होतं म्हणून तिचं जमत आलेलं लग्न त्याने मोडलं, आणि ती गोष्ट तो अजून छाती फुगवून सांगतो. त्या मुलीचं पुढे काय झालं, हे त्याला माहीत नाही. विचारावंसंही कधी वाटलं नाही.

आणि हे सगळं सांगून झालं की शेवटी त्याच्या अहिराणीत ठरलेलं वाक्य येतं. "आपला कुळमा आजार नही. माणूस म्हातारा व्हस आनि जास."

आता हे निरोगी कूळ पाहा. मामाचा बाप ऐन पन्नाशीत पोट धरून गेला. त्याला म्हणे शेतात वाईट हवा लागली. मामाची आत्या सासरी वाळत वाळत गेली. तिच्यावर म्हणे जावेने करणी केली. आणि मामाची सख्खी बहीण पुष्पाबाई, म्हणजे माझी आई, मी कॉलेजात असताना गेली. तिला कावीळ झाली. कावीळ खरंच झाली होती, तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झालेले मी पाहिलेत. पण मुळात तो आतड्याचा कॅन्सर होता आणि यकृतात पसरला होता. धुळ्याच्या डॉक्टरांनी हे मामाला आत बोलावून सांगितलं. मामाने बाहेर येऊन आम्हाला नुसती कावीळ सांगितली. खरं काय ते मला शेवंताबाई मामीने पुष्कळ वर्षांनी सांगितलं, तेही भाकरी थापताना, वर न बघता.

मी मामाला जाब विचारला. तो शांतपणे म्हणाला, "तू लगीनले उनी व्हती. सांगतू तर तुले कोन करतं?" आणि त्याचं दुसरं तत्त्व असं की मुलगी दिल्या घरी गेली म्हणजे तिचा आजार सासरचा, तो माहेरच्या कुळात मोजायचा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमच्या मामाने अख्खं कूळच मुठीत झाकून ठेवलं होतं.

तीनेक वर्षांपूर्वी मामाला स्वतःलाच आतड्याचा कॅन्सर निघाला. वजन उतरलं होतं, शौचावाटे रक्त जात होतं. ऑपरेशन झालं, गाठ काढली. सर्जनांनी भूपेंद्रच्या देखत त्याला विचारलं की घरात आधी कुणाला असं काही झालं होतं का. मामाने सवयीने सांगितलं, "आमचं कूळ निरोगी आहे साहेब." जणू सर्जनसाहेब त्यांच्या पोरासाठी मुलगी मागायला आले होते. भूपेंद्रने मान हलवली. त्यांनी 'कुणालाही नाही' असं लिहून घेतलं आणि विषय संपला.

वर्षाच्या आत यकृतावर डाग दिसले. केमो सुरू झाली. केस गेले, तोंड आलं, मामा खाटेला टेकला, आणि डाग मात्र होते तिथून थोडे पसरलेच. तेव्हा जळगावच्या कॅन्सरच्या डॉक्टरांकडे त्याला न्यायचं ठरलं. भूपेंद्रला दवाखान्याचा वास सहन होत नाही, हा त्याचा जन्माचा बहाणा. मी धुळ्याला पोस्टात कामाला आहे, रजा टाकून मी गेले. डॉक्टरांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मामाने तोच शिक्का पुन्हा मारला.

मी म्हटलं, "डॉक्टर, माझी आई यांची सख्खी बहीण. ती आतड्याच्या कॅन्सरने गेली. यांचे वडील आणि आत्याही पोटाच्याच आजाराने गेले, आणि कुणी म्हातारं होऊन गेलं नाही."

मामाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पंगतीत त्याची टोपीच उडवली.

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली आणि नीट समजावलं. कॅन्सरच्या पेशी शरीराच्या पहारेकऱ्यांना गप्प बसवतात. लग्नात एखादा आगंतुक जेवायला बसतो, मुलाकडचे त्याला मुलीकडचा समजतात, मुलीकडचे मुलाकडचा, आणि भिडेपोटी कुणी उठवत नाही, तसं. इम्युनोथेरपीचं औषध ती भीड काढून टाकतं, मग शरीरच त्यांना ओळखून हुसकायला लागतं. पण आतड्याच्या बहुतेक कॅन्सरवर ते चालत नाही. थोड्या जणांच्या गाठीत एक दोष असतो, पेशीतल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणाच बिघडलेली असते. अशा गाठी इतक्या चुकांनी भरलेल्या असतात की भीड गेली की पहारेकरी त्यांना चटकन ओळखतात. त्या रुग्णांना या औषधाचा चांगला उपयोग होऊ शकतो. ऑपरेशनच्या वेळचा गाठीचा तुकडा जपून ठेवलेला असतो, त्यावरच तपासणी करायची, नवी सुई नाही की काही नाही.

"आणि तो दोष निघाला तर?" मामाने विचारलं.

"निघाला तर तुमचं नशीब चांगलं. केमो दमली तिथे हे औषध काम करू शकेल. मात्र मग रक्तही तपासावं लागेल. असा दोष काही वेळा वारशाने आलेला असतो. तसं असलं तर मुलगा, नातवंडं, बहिणींची मुलं, सगळ्यांना तपासून घ्यायला हवं. वेळेवर कळलं तर आजार व्हायच्या आधीच आतड्यातले मोड, म्हणजे बारीक गाठी, काढून टाकता येतात."

मामाने टोपी घातली आणि तो उठला. "इचार करीसन सांगतो," म्हणाला. एखाद्या स्थळाला नकार द्यायचा असला की तो हेच म्हणतो, आणि जिल्हाभर सगळ्यांना त्याचा अर्थ माहीत आहे.

तर परिस्थिती अशी होती. जन्मभर निरोगी कुळाची हमी वाटत फिरलेल्या माणसाला आता जगायचं असलं तर स्वतःचं रक्त सदोष निघावं म्हणून देवाला साकडं घालावं लागणार होतं. त्यातून त्याच महिन्यात दिपमालाची, म्हणजे भूपेंद्रच्या मुलीची, सोयरीक अमळनेरच्या एका चांगल्या घराशी ठरली होती. मामाने स्वतः जुळवलेली. त्याने पोरीच्या लग्नासाठी मरायचं ठरवलं, आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं. मला मात्र त्या त्यागाचं मुळीच कौतुक वाटलं नाही. तो पोरीला नवरा देत होता आणि तिच्या पदरात न सांगितलेला आजारही बांधून देत होता.

इकडे घरी निराळाच उत्सव सुरू झाला. मी अंगणात 'इम्युनोथेरपी' हा शब्द उच्चारला एवढंच. त्यातलं 'इम्युनिटी' तेवढं सगळ्यांच्या कानात राहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून भाऊबंदांनी मामाची शक्ती वाढवायला घेतली. कुणी गुळवेलाचा काढा आणला, कुणी शेवग्याचा पाला. जीवराम नावाच्या चुलतभावाने तर साखळी-कंपनीतली बाटली आणली आणि मामाबरोबर मलाही सभासद करून घ्यायला निघाला. मी सांगत होते की हे औषध शक्ती वाढवत नाही, अडवलेली शक्ती मोकळी करतं, आणि तेही गाठ तशी असली तरच. जीवराम म्हणाला, "अक्का, तेच ते." माझ्या पंचवीस वर्षांच्या नोकरीत इतकं मठ्ठ गिऱ्हाईक काउंटरवर आलं नसेल.

मामा काढे पीत राहिला आणि वाळत राहिला. मी दोनदा धुळ्याहून येऊन भांडले, त्याने दोन्ही वेळा भिंतीकडे तोंड केलं. शेवटी मामी बोलली. मला कळायला लागल्यापासून मी तिला त्याच्यापुढे सलग चार वाक्यं बोलताना ऐकलं नव्हतं. ती दारात धान्य पाखडत होती, सूप खाली ठेवून ती आत आली.

"तुम्हले मरानं व्हई तर मरा," ती म्हणाली. "पन दहाव्याले बठ्ठा भाऊबंद बसेल ऱ्हातीन, तव्हय मी उभी ऱ्हाईसन सांगसू, हाऊ माणूस कसानी मरना, याना बाप कसानी मरना, पुष्पाबाई कसानी मरनी. आते तुम्हीच ठरावा. जगीसन चूप बसानं का मरीसन बोभाटा करानं."

बायकोचं प्रेम, डॉक्टरांचा सल्ला, माझं भांडण, कशानेही न हललेला माणूस स्वतःच्या दहाव्याच्या विचाराने हलला. दुसऱ्या दिवशी त्याने तपासणीला हो म्हटलं.

दोष निघाला. डॉक्टरांनी हसून सांगितलं, "नाना, चांगली बातमी आहे." मामाच्या तोंडावर जी कळा आली ती मी विसरणार नाही. बाप मेल्याची बातमी ऐकून पेढा वाटायला सांगितल्यावर माणसाची व्हावी तशी ती होती. औषधाच्या खर्चाची सोय भूपेंद्रने केली, त्याचं तेवढं श्रेय मी त्याला देते. दर तीन आठवड्यांनी जळगावला सलाईन सुरू झालं. केस परत आले. अंगाला खाज सुटली, थायरॉइडची गोळी कायमची मागे लागली, एवढ्यावर भागलं. पहिल्या स्कॅनमध्ये डाग लहान झाले होते, पुढच्यात आणखी, आणि त्याच्यापुढच्यात दिसेनासे झाले. डॉक्टर कधीही 'बरे झालात' म्हणाले नाहीत. "आता दिसत नाही, पाहत राहू," एवढंच म्हणाले. मामाने मात्र गावात सांगितलं की लिव्हरला सूज होती, जळगावच्या सलाईनने उतरली.

खरं सांगते, तो डाग नसलेला स्कॅन पाहून मी डॉक्टरांच्या दाराबाहेर रडले. माझ्या आईच्या वेळी हे औषध नव्हतं. पण मोड शोधायची दुर्बीण तेव्हाही होती, आणि तिचा बाप, तिची आत्या कशाने गेली हे कुणी तिला सांगितलं असतं तर ती वेळेवर गेली असती. यावर मला जास्त लिहायचं नाही.

रक्ताच्या तपासणीत दोष वारशाचा असल्याचं नक्की झालं. मग मी माझं रक्त दिलं. माझ्यात तो आहे. दुर्बीण आत घालून पाहिलं तर एक मोड होता, तो तिथल्या तिथे काढला. माझी मुलगी डिंपल, तिच्यात तो नाही. तिचा रिपोर्ट आला त्या दिवशी मी खूप वर्षांनी देवळात गेले. भूपेंद्रला मी फोनवर फोन केले. तो म्हणाला, "मला कुठे काय होतंय?" दिपमालाबद्दल मामाने आणि त्याने मिळून मला शब्द दिला की लग्न पार पडू दे, नवऱ्याच्या कानावर घालून तिची तपासणी आम्हीच करवून घेतो. लग्न पार पडलं. मी दिवाळीत विचारलं तर भूपेंद्र म्हणाला, "झालं ते सगळं." मी विश्वास ठेवला.

गेल्या महिन्यात डिंपलसाठी रावेरकडचं स्थळ आलं. केळीबागाईतदार घर, मुलगा वरणगावला फॅक्टरीत. मुलगा-मुलगी दोनदा भेटले, बोलले, पसंती झाली. आणि अचानक निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका त्यांनी मागितलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी मामाचा फोन आला.

"किरण, तुले वाईट वाटी," तो म्हणाला, "पन त्यासनी माले इचारं, आनि मी खरं सांगी दिधं."

आमच्याकडे मुलीच्या आईचं माहेर पाहिल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. त्या लोकांनी कौतिक नानाला फोन केला, कारण जिल्ह्यात त्याच्या शब्दाला वजन. आणि नानाने जन्मात पहिल्यांदा खरं सांगितलं. मुलीच्या आईच्या रक्तात आतड्याच्या कॅन्सरचा दोष आहे, म्हणाला.

डिंपलला फारसं काही वाटलं नाही. "एका फोनला घाबरले, आई. पुढे कशाकशाला घाबरले असते," म्हणाली आणि तिच्या कामाला लागली. मला मात्र रात्रभर झोप आली नाही आणि सकाळी मी पाचोऱ्याची गाडी धरली.

मामा ओट्यावर खाटेवर बसून शेवभाजी आणि भाकरी खात होता. गाल भरलेले, रंग उजळलेला. तो असा धडधाकट बसलेला पाहून मला एका क्षणी बरंही वाटलं आणि त्याचा रागही आला.

"मामा, डिंपलचा रिपोर्ट स्वच्छ आहे, तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"तुना नही ना सोच्छ. मी तुना सांगं, तिना नही सांगं."

"मग दिपमालाच्या वेळी स्वतःचं का नाही सांगितलं?"

त्याने घास संपवला. "ती आपला घरनी पोर शे. तू दुसरा कुळनी. आनि उद्या भलतं निंघनं आस्तं तर त्या लोकं म्हन्तात, नाना ठावकी ऱ्हाईसन लपाडं. मना नाव खराब व्हतं." मग मला समजावल्यासारखा म्हणाला, "खोटं बोलू नका आशे तूच तर सांगत व्हती."

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले. ती इतकी शुद्ध स्वरूपात भाकरी खाताना मी प्रथमच पाहिली.

"दिपमालाची तपासणी झाली ना?" मी विचारलं.

मामा पाण्याचा तांब्या शोधू लागला. मामी दाराआडून म्हणाली, "कसानी तपासनी? पोरले कोनी सांगंच नही."

मी तिथल्या तिथे दिपमालाला फोन लावला. मामाने हात पुढे केला, "थांब, थांब," म्हणाला. मी थांबले नाही. ती "हां आत्या" म्हणाली तसा मी फोन मामाच्या हातात दिला. "तुम्ही सांगा," म्हटलं. "नाहीतर मी सांगते, आणि मी सगळं सांगेन."

माणसं जोडणारा, तोडणारा, जिल्हाभर बोलणारा हा माणूस नातीशी बोलायला शब्द शोधत होता. मामी दारातून बाहेर येऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"दिपू," तो म्हणाला, "तुना आजाले लिव्हरनी सूज नव्हती. आतडाना कॅन्सर व्हता. आपला रगतमा शे तो. मना बापले व्हता. मनी आत्याले व्हता." मग त्याने ताट बाजूला सरकवलं. "पुष्पाले बी व्हता. तिले मी सांगंच नही."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने माझ्या आईचं नाव त्या आजाराशेजारी ठेवलं. त्याच्यावर थुंकावं असं मला सकाळपासून वाटत होतं, आणि आता माझ्याच डोळ्यांना पाणी आलं. तेवढ्यात त्याने नाक पुसलं आणि आवाज खाली आणला. सुंभ जळतो, पीळ जळत नाही.

"तू जळगावले येईसन तपासनी करी ले, बेटा. फक्त तुना सासूले काही सांगू नको. मी पाहस कसं ते."

पलीकडून तव्याचा आवाज येत होता.

"आजा," दिपमाला म्हणाली, "मना हात पीठमा शेतस. फोन स्पीकरवर टाकेल शे. आई आठेच बसेल शेतस."

मग सासूबाईंचा आवाज आला. रागावलेला नव्हता, वर चढलेलाही नव्हता.

"नाना, पोरले मी परवा दवाखानामा लई जास. पन माले एक सांगा. तुम्हीन मना सासराना दात पाह्यात, मना दीरना दमा इचारा, मनी नणंदनी फिट इचारी. आम्ही बठ्ठं खरं सांगं. तुम्हीन आमले का बरं नही सांगं?"

मामाने माझ्याकडे पाहिलं, मग मामीकडे पाहिलं. मामी खाली बसून ताट उचलायला लागली. फोन मी त्याच्या हातातून घेतला नाही.